कुंकू लागलेला पाना

माझे वडील कारखान्यात फिटर होते. त्यामुळे यंत्रातलं सगळं आपल्याला जन्मतःच कळतं, अशी माझी समजूत होती. लग्न होऊन हिंदी मुलखात, अधारतालला आले तर दारात घरचा ट्रक उभा. मग काय विचारता! इंजिन सुरू झालं की मी मान तिरकी करून ऐकायची आणि "हं" म्हणायची. त्या "हं"ला काही अर्थ नव्हता, पण आमचे हे बिचारे प्रभावित व्हायचे.

ट्रक चालवायचे चाचा. ह्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनचे, पन्नाशीचे, मितभाषी. मला "बहूजी" म्हणायचे आणि गाडीला "बिटिया".

त्या वर्षी नवरात्रात पुढच्या डाव्या चाकावरच्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, एक पोलादी पाटा तुटला, म्हणून नवा घातला. चाचांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं, की कमानी उघडून पुन्हा बसवली की भरल्या गाडीची एक खेप करायची आणि आल्याबरोबर कमानी अॅक्सलला आवळून धरणाऱ्या क्लॅम्पचे नट पुन्हा कसायचे. वजनानं पाटे दबतात, नट ढिले पडतात. मी तेव्हाही "हं" म्हटलं होतं.

चुनखडीची खेप टाकून चाचा परतले ती नेमकी खंडेनवमी. मी सकाळीच न्हाऊन गाडीची सगळी हत्यारं पाटावर मांडलेली. जॅक, टॉमी, हातोडा, लहानमोठे पाने. प्रत्येकाला हळदकुंकू, वर झेंडू. चाचा दारात आले.

"बहूजी, वो बड़ा पाना दे दीजिए. नट कसने हैं."

"अहो चाचा, आज हत्यारं उचलत नाहीत! पूजेत बसली ना ती."

"दो मिनट का काम है."

"उद्या दसरा झाला की घ्या. देवाला काय वाटेल?"

देवाला काय वाटलं असतं कोण जाणे, माझी आरास मात्र मोडली असती. सगळ्यात मोठा पाना मी मधोमध ठेवला होता, शेजारणी पाहून गेल्या होत्या. चाचांनी पाटाला हात जोडले आणि गेले.

दसऱ्याला गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, तेवढ्यात माल घ्यायला बोलावणं आलं. ह्यांनी चाचांना लगेच गाडी घेऊन रवाना केलं. हत्यारं पाटावरच राहिली, आणि सणाचं एकही वर्कशॉप उघडं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी परतली ती आवाज करत. ब्रेक लावला की पुढून कट्ट. स्टिअरिंग फिरवलं की कट्ट. सुपारी फोडावी तसा.

मी पदर खोचून बाहेर! चाकाशी वाकले, कान लावला आणि निदान केलं. "पाटा तुटला पुन्हा. गाडी खड्ड्यात घातली असणार. चाचा, तुमच्या गावाकडून आलात ना? त्या कच्च्या रस्त्यानं?"

चाचा खाली उतरले. "नहीं बहूजी, सड़क से ही आया हूँ."

"मग पाटा काय आपोआप तुटला?" फिटरची लेक ना मी!

"तू काहून मधात बोलून राहिली?" असं हे म्हणाले खरे, पण त्यांच्या कपाळाला आठी पडली होती. मिस्त्रीला बोलावलं.

मिस्त्रीनं कान बिन लावला नाही. एकेक पाटा बोटांनी चाचपला, सगळे शाबूत. मग खडू घेऊन क्लॅम्पच्या पट्टीवरून खालच्या अॅक्सलपर्यंत एक सरळ रेघ ओढली. "चलाओ. ब्रेक मारो." चाचांनी गल्लीत दहा पावलं गाडी नेली, करकचून थांबवली. कट्ट. रेघेचे दोन तुकडे झाले होते, वरचा इकडे, खालचा तिकडे.

"अॅक्सल सरक रहा है. क्लैंप ढीले हैं," मिस्त्री म्हणाला. "लोड के बाद कसे नहीं क्या? बड़ा पाना लाओ."

तो पाना आणायला मीच आत गेले. अजून पाटावरच होता, कुंकवाचं बोट तसंच, ठसठशीत. सगळं समजलं मला, त्या एका क्षणात समजलं. तरी काय केलं मी? पाना पदराखाली धरून बाहेर आले.

चाचा पुढे झाले. माझ्या हातून पाना घेतला, ह्यांच्याकडे पाठ केली, खांद्यावरच्या गमछ्यानं कुंकू पुसलं आणि मिस्त्रीच्या हाती दिला. मग वळून म्हणाले, "कसना मुझसे रह गया, सेठ."

"रह गया? चाक निसटून कोणी मेलं असतं म्हणजे?" ह्यांचा आवाज चढला. "आमच्या बाबांच्या वेळचे म्हणून ठेवलं तुम्हाला. द्या ती चाबी."

मला बोलायला भरपूर वेळ होता. मिस्त्रीनं चार नट कसले तेवढा. हे मला काही घराबाहेर काढणार नव्हते. फार तर हसले असते, चारचौघांत "आली मोठी फिटरीण" म्हणाले असते. तेवढ्याला भ्याले मी. एवढी जीभ चुरूचुरू चालणारी बाई, आणि चहाचे कप गोळा करत बसले. चाचांनी चाबी ओट्यावर ठेवली, बॉनेटवर एकदा तळवा टेकवला आणि चालत गेले.

ह्यांना मी कधीच सांगितलं नाही. आधी उद्या सांगू म्हणत राहिले, नंतर हेच राहिले नाहीत.

चाचा पुढे एकदाच भेटले, कांचघरच्या बाजारात. केस पांढरेशुभ्र, हातात पिशवी. मला पाहून थांबले.

"बिटिया ठीक है, बहूजी? आवाज़ तो नहीं करती अब?"

"नाही," मी म्हटलं. "अजिबात नाही."

आणि खाली वाकून वांगी निवडायला लागले. एक एक वांगं उलटंपालटं करून, देठ तपासून, चाचा दिसेनासे होईपर्यंत. घरी येऊन पाहिलं तर सगळी किडकी.