इंजिनाला लावलेलं काजळ
आज नांदुऱ्याच्या स्टेशनाबाहेर कुणीतरी डिझेलने सुटे भाग धूत होतं आणि त्या उग्र वासासरशी लग्नानंतरची पहिली उन्हाळी दुपार अंगावर आली. घरामागच्या पत्र्याच्या गॅरेजात नवरा जीपच्या इंजिनापुढे घामेजून बसला होता. स्वतःच्या जबाबदारीवर खोललेलं ते त्याचं पहिलंच इंजिन. ते जमलं नाही तर थोरले दीर त्याला पुन्हा एकट्याने काम देणार नव्हते. कॅमशाफ्टचा दांडा ज्यांत फिरतो त्या धातूच्या कड्या, म्हणजे नवे बुश, बसवून झाले होते, पण त्यांत घातलेला दांडा जेमतेम हलत होता, आणि जोर लावला तर बुशच खराब झाले असते. त्याने मला हाक मारली, "तुह्या काजळाची डबी आण बरं." शाफ्टवर काजळाचा पातळ हात फिरवून त्याने तो आत सरकवला, किंचित हलवून बाहेर काढला. बुशात जिथे काळं उमटलं होतं तिथेच शाफ्ट अडत होता. तेवढाच भाग तो पात्याने हळुवार खरवडू लागला. थोरले दीर दारातून म्हणाले, "इंजिनाले नजर लागली काय बे?" "लागू नये म्हणूनच लावून राह्यलो, दादा," तो मान वर न करता म्हणाला. पुन्हा काजळ, पुन्हा तो बारीक, कोरडा आवाज, बोटांवर चमकणारी धातूची भुकटी. उन्हं कलल्यावर त्याने तेल लावून शाफ्ट आत घातला आणि मला शेजारी बसवलं. "फिरव. भिऊन काऊन राह्यली?" मी एका बोटाने ढकललं आणि तो जड लोखंडी दांडा निःशब्द फिरला. दिरांनी दुसऱ्या जीपची किल्ली त्याच्यापुढे ठेवली. नवरा वारल्यापासून खिडक्याच काय, दुपार, सणवारसुद्धा मला दोन्ही हातांनी ढकलावे लागतात.