ताकदीची गोळी
बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांचा तो उग्र वास आला की मला अजून सासऱ्यांचं आजारपण आठवतं. कॅन्सर कंबरेच्या हाडात गेला होता आणि तेर गावच्या घरी त्यांना मॉर्फिनच्या गोळ्या मीच द्यायचे. भिंतीवर माझा तक्ता होता: चार तासांनी एक गोळी, दिली की खूण. एका दुपारी अंगणात तूर वाळत घालून मी आत आले, तर पुढच्या गोळीला अजून तासभर असतानाच ते म्हणाले, "बाई, दे की आता, लई कळा येत्यात." मॉर्फिनची सवय लागेल या भीतीनं मी बी-कॉम्प्लेक्सची गोळी त्यांच्या हातावर ठेवली. अर्ध्या तासात ते उठून बसले, चहा मागितला आणि शेजारी बसलेल्या माझ्या नणंदेला म्हणाले, "तुझ्यापरीस हिच्या हाताला गुण हाय." मी हसत बोलून गेले, "मामा, ती नुसती ताकदीची गोळी होती. कळा कसल्या, लाड हवेत तुम्हाला!" नणंद हसली, ते भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. त्यानंतर मॉर्फिनही पुरेना. त्या गोळीचं सांगितल्यावर धाराशिवच्या डॉक्टरांनी मला समजावलं, "मेंदूच्या बुडापासून मणक्यात एक वाट उतरते, ती दुखणं वर येताना अडवते. मॉर्फिन तिलाच जागं करतं, आणि विश्वाससुद्धा. भीती, संशय आला की तीच वाट दुखणं वाढवते. त्यांच्या कळा खऱ्याच होत्या." त्यांनी डोस वाढवला, तरी दर गोळीला सासरे विचारायचे, "ही खरी हाय न्हवं?" मी पाकीट दाखवायचे. आता कुणी दुखतंय म्हटलं की मी लगेच मानते. त्यांच्यासमोर मात्र "चुकले" म्हणायला माझी जीभ शेवटपर्यंत रेटली नाही.