राजाभाऊंचे चार गुलाम

“राजे चार, राण्या चार, एक्केसुद्धा चार. मग गुलाम गेले कुठं?” राजाभाऊंनी पत्त्यांचा कॅट तिसऱ्यांदा टेबलावर पसरला.

“एक इथं भजी तळतोय,” मंजुषा ओट्याजवळून म्हणाली. “बाकीच्या तिघांचं मला माहीत नाही.”

“मस्करी नकोय, मंजू. खैरुद्दीन आणि नोमान येतीलच एवढ्यात.”

“येऊ देत. गुलाम नाहीत म्हटलं की परत जातील. माझं तेल वाचेल.”

राजाभाऊंनी सोफ्याच्या गाद्या उचलून पाहिल्या. रिमोट सापडला, एक खजुराची बी सापडली. गुलाम नव्हते.

अंबरनाथचे राजाभाऊ शारजात एसीचे डक्ट बनवणाऱ्या कंपनीत परचेसला होते. आठवडाभर मॅनेजर ‘यल्ला, यल्ला’ करत त्यांच्यामागे घाई लावी आणि सप्लायर त्यांना ‘इन्शाल्ला, हबीबी’ म्हणून टोलवी. शुक्रवारी दुपारी मात्र अल नहदातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मेंढीकोट रंगे आणि हुकूम राजाभाऊ बोलत. पण त्यांचा पार्टनर सुजीत अबुधाबीला अल रीम बेटावर राहायला गेला आणि चौथी खुर्ची रिकामी झाली; तिघांतच कसाबसा डाव रेटावा लागे. “मी बसते की,” मंजुषा म्हणाली होती. चिपळूणला माहेरी तिनं चार भावांवर कोट चढवले होते. त्यावर राजाभाऊंनी अगदी निरागसपणे विचारलं, “मग चहा कोण करणार?”

त्यानंतर त्यांनी ऑफिसातल्या स्टोअरकीपरला विचारलं, एसीच्या मेकॅनिकला विचारलं. बिल्डिंगच्या पेशावरी वॉचमनला तर मेंढी म्हणजे दश्शी हे खाणाखुणा करून समजावलं. तो उगाचच ईदपर्यंत थांबा म्हणाला. तेव्हापासून घरातल्या पोह्यांवर लिंबू पिळलं जात नव्हतं.

“बाबा, डोन्ट सर्च. आय फ्रीड देम,” शुभ्रा आतून येऊन म्हणाली. ती अमेरिकन शाळेत सातवीत होती.

“काय केलंस?”

“गेल्या फ्रायडेला तुम्ही मला काय म्हणालात? गुलामचोर.”

ते खरं होतं. पाहुणे गेल्यावर बापलेक गुलामचोर खेळले होते. शेवटी जोडी नसलेला गुलाम शुभ्राच्या हातात राहिला, आणि राजाभाऊ ‘गुलामचोर, गुलामचोर’ करत टेबलाभोवती नाचले होते. पुढे शाळेत धडा आला. गुलामांना रातोरात एका घरातून दुसऱ्या घरात लपवत कॅनडापर्यंत पोहोचवणाऱ्यांना अमेरिकेतला कायदा चोर म्हणायचा. एका बोटीच्या कप्तानाच्या तर तळहातावर तापल्या लोखंडानं डाग दिला होता, गुलाम चोरणारा म्हणून.

“हातावर?” राजाभाऊंनी नकळत स्वतःची मूठ मिटली.

“येस. सो गुलामचोर इज अ कॉम्प्लिमेंट. थँक यू, बाबा.”

“बरं बरं. पण आहेत कुठं?”

“कॅनडा.”

तेवढ्यात बेल वाजली. नवव्या मजल्यावरचे खैरुद्दीन आणि त्यांचा मेहुणा नोमान दारात होते.

“राजाभाऊ, तुमचे चौघे आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली आहेत,” खैरुद्दीन चपला काढत म्हणाले. “आमची मुनिबा म्हणते, हा कॅनडा आहे, इथून कुणाला परत देत नाही.”

“अरे, बाप ना तू तिचा?”

“कॅनडात माझं काय चालतं, हबीबी?”

नोमाननं तिन्हीसांजेपर्यंत नुसती भजी खायची तयारी दाखवली. राजाभाऊ रडकुंडीला आले. शेवटी शुभ्रानं अट घातली: गुलाम परत येतील, पण या घरात त्यांना कुणी गुलाम म्हणायचं नाही. जॅक म्हणायचं.

“म्हणतो बाई, जॅक तर जॅक!” राजाभाऊ हात जोडून म्हणाले. “नाव बदलल्यानं काय फरक पडतो? काम तर तेच करणार ना!”

स्वयंपाकघरात झारा कढईवर आपटला.

मंजुषा बाहेर आली. “अगदी बरोबर. मला हाउसवाइफचं होममेकर केलंत, त्या दिवशीसुद्धा भजी मीच तळत होते.”

“ममा, यू कान्ट कम्पेअर,” शुभ्रा कळवळून म्हणाली. “इट्स नॉट द सेम थिंग.”

“माहितीये गं. त्या लोकांना बाजारात विकलं, पोरं तोडून नेली. मला फक्त कुणी विचारत नाही, एवढंच. पण जागा रिकामी असून काळ्यांना बसू द्यायचं नाही, ते बसमधलं? तेही आहे ना तुमच्या पुस्तकात?”

“दॅट्स नेक्स्ट युनिट.”

“मग पुढचा धडा आजच घेऊ.”

“अगं, मी कुठं नको म्हणालो?” राजाभाऊ म्हणाले. “मी फक्त चहाचं विचारलं होतं.”

“वॉचमनला विचारलं होतं का चहाचं?”

खैरुद्दीननी छताकडे पाहिलं. नोमाननं एक भजं तोंडात टाकलं आणि ते फार गरम निघालं.

मंजुषानं झारा राजाभाऊंच्या हातात दिला आणि सुजीतची खुर्ची ओढून ती बसली.

“शुभ्रा, चौघांना वरून बोलाव. नोमानभाई, माझे पार्टनर तुम्ही, यांचे खैरुद्दीनभाई. दर शुक्रवारी मी खेळणार. चहा हे करतील.”