राणीच्या वकिलांचा पांढरा कोट

वकिलावर लिहितोय म्हटल्यावर तुम्ही काळा कोट, मळक्या फायली आणि तारखा असं काहीतरी धरून बसला असाल. सोडा. आमच्या वकिलांचा कोट पांढरा होता, गुडघ्यापर्यंत लांब. आणि तो ते सिंगापूरच्या उकाड्यात, रविवारी सकाळी, क्रिकेटच्या मैदानावर घालायचे. आत टाय! व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात जन्मायचं राहून गेलेला माणूस. म्हणून आम्ही पोरं त्यांना 'राणीचे वकील' म्हणायचो. तोंडावर अर्थात काका.

मी त्यांची नक्कल करायचो. बार्शीच्या शाळेत हेडमास्तरांपासून शिपायापर्यंत सगळ्यांचे आवाज काढून मार खाल्लेला मी, मला काका म्हणजे मेजवानी. नाकातून आवाज काढायचा, "मिस्टर शिंदे, मैदान म्हणजे मंडई नव्हे!" एकदा ते मागेच उभे होते. शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "'नव्हे'वर जोर कमी पडतोय, मिस्टर शिंदे."

तरुणपणी ते सांगलीकडे क्लबात खेळायचे, निव्वळ हौसेनं. एका मॅचमध्ये अठ्ठ्याण्णववर असताना बॅटची कड लागली. कुणी अपीलसुद्धा केलं नाही, तरी हे आपले बॅट काखेत मारून चालू पडले. "कड लागली हे बॅट्समनला सगळ्यांत आधी कळतं. मग इतरांना कशाला तसदी?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग वकिली केली, एका जहाज कंपनीचे वकील म्हणून सिंगापूरला आले, आणि रिटायर झाल्यावर मरीन परेडला आपल्या कॉन्डोच्या, म्हणजे सोसायटीच्या, कमिटीचे चेअरमन झाले. काकूंनी एकदा बाल्कनीच्या कठड्यावर गोधडी वाळत घातली. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये नोटीस. नियम मोडणाऱ्या फ्लॅटचा नंबर त्यांचा, खाली सहीपण त्यांचीच. काकू आठवडाभर लिफ्टमध्ये चढल्या नाहीत. अकरावा मजला!

आमच्या रविवारच्या मराठी लीगचे ते अंपायर. त्यांच्या मॅचला एकच जादा नियम, कड लागली की आपण होऊन निघायचं. आणि सगळे निघायचे, मीसुद्धा. पुढे त्यांना काचबिंदू झाला. आम्हाला दिसत होतं की त्यांना दिसत नाही, पण बोललं कुणीच नाही. आउट होणारे आपणच निघत होते, त्यामुळे त्यांचं भागत होतं. आठवडाभर ते त्या रविवारची वाट बघायचे.

त्याच वर्षी माझी चांगी बिझनेस पार्कमधली नोकरी गेली. नोकरीवर मिळालेला राहण्याचा पास रद्द. तीस दिवसांत दुसरी नोकरी, नाहीतर विमान. घरी सांगितलं नव्हतं. रोज इस्त्रीचा शर्ट घालून हॉकर सेंटरमध्ये, तिथल्या खाऊगल्लीत, जाऊन बसायचो आणि आईचा फोन आला की साहेबासारखा बोलायचो, "मीटिंगमध्ये आहे गं." आईनं सगळ्या गल्लीत सांगून ठेवलेलं, पोरगं सिंगापूरला साहेब आहे. नऊ दिवस उरले तेव्हा आमचा कॅप्टन देशमुख म्हणाला, "फायनलला माझा बॉस येतोय. क्रिकेटवेडा आहे, त्याला माणूस पण पाहिजे आणि ओपनर पण. पन्नास मार, बाकी मी बघतो."

एकतीसवर कड लागली. हातापर्यंत कळली. कीपरनं कॅच घेतला, सगळे ओरडले. काका माझ्याकडे बघत राहिले. म्हणजे माझ्या दिशेनं. मी हातमोजे नीट करत बसलो. काकांनी मान हलवली. नॉट आउट.

मी चौसष्ट केले. कप आमचा. समोरच्या टीमचा एक जण सगळ्यांदेखत ओरडला, "आंधळ्याला कशाला उभं करता रे?" काकांनी बटणं चाचपत कोट काढला, घडी घातली आणि त्याच संध्याकाळी लीगला पत्र पाठवलं की आजपासून अंपायरिंग बंद.

चौथ्या दिवशी मला नोकरीचं पत्र मिळालं. पेढे घेऊन मरीन परेडला गेलो. दार काकूंनी उघडलं. मी दारातच नोकरी गेल्यापासूनचं सगळं घडाघडा सांगून टाकलं, "काकू, कड लागली होती. काकांना दिसलं नाही आणि मी..."

"दिसलं नाही?" काकूंचा आवाज चढला. "अरे शहाण्या, डोळे गेलेत त्यांचे, कान नाही! टक् झालेलं चांगलं ऐकलं होतं त्यांनी. घरी येऊन मला म्हणाले, शिंदे जागचा हलला नाही, म्हणजे बॉल पॅडला लागला असणार. तुझ्यावर सोडलं होतं त्यांनी. आणि तू पेढे घेऊन येतोस होय रे? नोकरी गेली होती तर सांगायचं होतंस, चार फोन केले असते त्यांनी. तेवढं तोंड उघडता आलं नाही तुला? एरवी तर साऱ्या गावाचे आवाज काढत फिरतोस! ठेव तो पुडा खाली. रडू नको माझ्या दारात. आत बसलेत ते, सकाळपासून तीनदा विचारून झालं, आज वार कुठला म्हणून. आता तूच सांग मला, रविवारी सकाळी या माणसाला उठवून मी नेऊ कुठे?"