भगवानरावांच्या रायफलीचा नेम

तेलगावच्या शिवारात भगवानरावांच्या रायफलीला लोक ‘हाकारी’ म्हणायचे. तिचा बार झाला की पाखरं उडायची, ससे पळायचे, मरत मात्र कुणीच नव्हतं. बावीस नंबरची, बारक्या गोळीची ती रायफल त्यांच्याकडं मामांकडून आली होती. परवानाही त्यांच्या नावावर झाला होता. पण दसऱ्याला तिच्यावर आपट्याची पानं वाहण्यापलीकडं तिचा उपयोग कुणाला दिसला नव्हता. भगवानराव मोकळ्या मनाचे. लोक हसले की तेही हसायचे.

सहासष्टच्या दुष्काळात मात्र हसून भागेना. सोसायटीनं ओढ्याकाठच्या विहिरीवर इंजिन बसवून सभासदांच्या जनावरांसाठी मका आणि ज्वारीचं कडवळ पेरलं होतं. आसपासच्या उजाड माळात हिरवं म्हणावं असं तेवढंच, म्हणून सगळे ससे तिथंच जेवायला यायला लागले. भल्या पहाटे येऊन कोवळे कोंब जमिनीलगत कुरतडून टाकायचे. काट्याचं कुंपण घातलं, तर त्यातूनही त्यांनी वाट काढली. बुजगावण्याच्या पायाशी तर ससे बिनघोर बसून खायचे. शेवटी चेअरमन सुंदररावांनी सभेत सांगितलं की गावात परवान्याची बंदूक एकच आहे, तेव्हा राखणीला भगवानरावांनीच बसावं. सभेत खसखस पिकली.

पहिल्या आठवड्यातच काडतुसांचा डबा निम्मा झाला आणि ससा एकही पडला नाही. सुंदररावांनी सल्ला दिला की दुर्बीण बसवून घ्या. भगवानरावांनी औरंगाबादेत चौकशी करवली, तर दुर्बिणीची किंमत बैलाच्या घरात गेली. दुष्काळात बैल विकून दुर्बीण घेणारा माणूस शहाणा नव्हे, असं म्हणून त्यांनी घरात आहे त्यातच काय जमतं ते बघायचं ठरवलं.

बांधाला कागद लावून त्यांनी पाच गोळ्या झाडल्या. मुठीनं बी फेकावं तशी भोकं पडली. मग त्यांनी पितळी गज घेतला, त्याला बायकोच्या, चंद्रभागाबाईंच्या, जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली आणि नळी पुसायला बसले. मामांच्या काळापासूनचा काळा मळ निघाला. लाकडी दस्त्याचे स्क्रू बघितले, तर एक हातानं फिरत होता. ते आवळल्यावर भोकं जरा जवळ आली, पण ऊन चढलं की गोळी पुन्हा भलतीकडं जायची. गावच्या म्हाळू सुतारानं रायफल मांडीवर घेतली आणि नळी व लाकूड यांच्या फटीतून विडीचा कागद सरकवून पाहिला. कागद मधेच अडकला. लाकूड वाकून नळीला रेटत होतं. म्हाळूनं तेवढी जागा हलक्या हातानं तासून नळी मोकळी केली आणि मजुरी म्हणून सशाची एक तंगडी मागून ठेवली.

चाप जड होता. भगवानराव कानस घेऊन बसणारच होते, पण बीडच्या बंदूकवाल्यानं त्यांना अडवलं. चापाशी खेळलात तर एक दिवस रायफल आपसूक उडेल, म्हणाला. त्यानं आतलं वाळून चिकट झालेलं तेल धुऊन दिलं आणि चाप हलका झाला. त्याच्याकडूनच त्यांनी दोन तऱ्हांची काडतुसं आणली. जोरकस म्हणून मिरवणारी होती ती फाकायची, साधी होती ती नेमानं जायची. मग साधीच घ्यायची ठरली. नळीच्या टोकावरचा मणी, ज्याला माशी म्हणतात, तो उन्हात चमकायचा. चंद्रभागाबाईंनी आपली काजळाची डबी पुढं केली. काजळ फासल्यावर माशी काळीभोर, रेखीव दिसायला लागली. वाळूच्या पिशवीवर नळी टेकवली की बहुतेक भोकं आता एका पुरीत मावायची.

बहुतेक, सगळी नव्हे. एखादी गोळी हमखास मातीत जायची. आणि समोर कागदाऐवजी ससा असला, की सगळ्याच मातीत.

चंद्रभागाबाई भाकरी घेऊन यायच्या आणि मागं बसून बघायच्या. एके दिवशी त्या म्हणाल्या की आज काडतूस मी भरते. दोन बार नीट झाले. तिसऱ्या वेळी भगवानरावांनी चाप ओढला आणि नुसतं टक् झालं. बार झाला नाही, तरी नळी वीतभर खाली गेली होती आणि त्यांचे डोळे गच्च मिटलेले होते.

“उडलेलं रिकामं काडतूस घातलं व्हतं मी,” चंद्रभागाबाई म्हणाल्या. “बार झालाच न्हाई, तरी तुमी दचकलात. कावून वो?”

भगवानरावांनी रायफल खाली ठेवली. मग म्हणाले, “रझाकाराच्या सालात मी अन् माझा दोस्त शहादेव गावाच्या राखणीला बसलतो. त्याच्या हातात ठासणीची भरमार बंदूक फुटली. माझ्या कानाजवळ. त्याची दोन बोटं गेली. त्याचं रगत माझ्या तोंडावर आलतं.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. शहादेव पुढं युसूफ वडगावला राहायला गेला आणि त्याचा हात बघवत नाही म्हणून भगवानरावांनी ती वाटच टाकली होती.

चंद्रभागाबाई हसल्या नाहीत. “मंग हात चुकत न्हाई, कान भेतोय,” त्या म्हणाल्या. “त्याला सवय लावू.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवऱ्याच्या कानात घरच्याच कापसाचे बोळे घालायला सुरुवात केली. काडतूस कधी भरलेलं द्यायच्या, कधी रिकामं, आणि कुठलं दिलं ते सांगायच्या नाहीत. रिकाम्यावर नळी हलली की फक्त घसा खाकरायच्या. भगवानराव सुरुवातीला चिडले, मग स्वतःवरच हसायला लागले, आणि हळूहळू खाकरणं कमी झालं. एका संध्याकाळी चुन्याच्या डबीएवढ्या जागेत पाचही भोकं पडली. त्यांनी तो कागद घडी करून टोपीत ठेवला.

त्यानंतरच्या पहाटे मक्याच्या कडेला ससा कान उभारून बसला. भगवानरावांनी श्वास अर्धा सोडला, डोळे उघडे ठेवले आणि चाप दाबला. ससा जागीच आडवा झाला. इंजिनवाला आप्पाराव धावत आला आणि ससा उचलून बघून म्हणाला, हा आपल्याच रायफलीनं पडलाय का. अशाच काही पहाटा गेल्या. बाकीचे ससे माळाकडं निघून गेले आणि कडवळ कमरेला लागलं. सुंदररावांनी सभेत भगवानरावांना राखणीसाठी नारळ दिला. त्यांनी तो तिथल्या तिथं चंद्रभागाबाईंच्या हातात ठेवला.

मग भगवानराव एक दिवस सायकल काढून युसूफ वडगावला गेले आणि शहादेवला कॅरिअरवर बसवूनच आणलं. अंगणात तीन दगडांच्या चुलीवर माळावरून मारून आणलेल्या सशाचा रस्सा शिजत होता. म्हाळू आपल्या तंगडीवर नजर ठेवून बसला होता. शहादेवनं रायफल निरखली, काजळाचं ऐकून हसला आणि म्हणाला, मलाही एक बार द्या. उरलेल्या तीन बोटांनी दस्ता धरून त्यानं बांधावरचं खापर फोडलं.

भगवानरावांनी विचारलं, “तुला भ्या न्हाई वाटलं?”

“बोटांसंगंच गेलं ते,” शहादेव म्हणाला. “तू कावून इतकी वर्षं आला न्हाईस बे?”

भगवानरावांनी त्याचा तीन बोटांचा हात आपल्या हातात घेतला. चंद्रभागाबाईंनी दोघांपुढं ताटं ठेवली आणि रस्सा निवायच्या आत जेवून घ्यायला सांगितलं.