जत्रेतली भजी आणि लाल सिलिंडर

परवा आमच्या गावच्या जत्रेत एक प्रसंग घडला... अजून मनातून जात नाही.

तालुक्याच्या लोहा गावापासून जवळच आमचं गाव. मंदिराच्या कमिटीत असल्यामुळे यंदा खाण्याच्या दुकानांकडे बघायचं काम माझ्याकडे होतं. चार बांबू रोवले, ताडपत्री टाकली आणि कढई चढवली, असं आता चालत नाही... अन्न सुरक्षेची नोंदणी लागते, पाणी झाकलेलं लागतं, भजी पेपरात बांधून देता येत नाहीत. आग विझवायचा सिलिंडर अग्निशमनचे साहेब येऊन बघतात, मगच गॅस पेटवायचा.

सुमनबाईंचं भज्यांचं दुकान जत्रेतलं जुनं. गेल्या वर्षी त्यांच्या कढईतलं तेल पेटलं आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तेव्हापासून धंदा बंदच होता. यंदा सून नको म्हणत होती, तरी त्या आल्या... घरात बसून हाताकडे बघत राहण्यापेक्षा कढईपुढं उभं राहिलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं.

सगळं नियमानं केलेलं. नोंदणीचा कागद समोर टांगलेला, डोक्याला टोपी, कचऱ्याचा झाकणाचा डबा, द्रोणांची चळत. पीठ कालवून तयार होतं. देवाच्या पालखीचा छबिना निघायची वेळ झाली होती... म्हणजे गर्दी आता लोटणारच.

अग्निशमनचे साहेब आले, आग विझवायचा लाल सिलिंडर बघितला आणि थांबले.

सिलिंडरला हळदीकुंकू लावलेलं, गळ्यात झेंडूचा हार. आणि जी पिन ओढल्याशिवाय तो चालतच नाही, त्या पिनेला लाल धाग्याचे वेढे देऊन घट्ट गाठ मारलेली...

शेजारचा सरबतवाला रऊफभाई म्हणाला, "आक्का, ह्याला नैवेद्य बी दावला का न्हाई?" आजूबाजूचे हसले. सुमनबाई हसल्या नाहीत.

धागा काढल्याशिवाय गॅस पेटवता येणार नाही, असं साहेबांनी सांगितलं. नवी वस्तू कामाला लागली की तिची पूजा करायची, ही आमच्याकडची रीतच. मला वाटलं, लगेच काढतील... पण हा धागा नुसत्या रीतीचा नव्हता.

"साहेब, ही पिन ओढायची पाळीच येऊ नये म्हणून बांधलाय मी. देवापुढं बसून बांधलाय. आता सोडला अन् काही झालं तर?"

मग कोणी हसलं नाही. रऊफभाई खाली मान घालून ग्लास विसळत बसला. साहेब नुसतं 'नाही' म्हणून पुढे गेले असते, तरी त्यांची चूक नव्हती. सुमनबाई माझ्याकडे बघत होत्या... देवाची रोजची पूजा मी करतो, मी सोडा म्हटलं असतं तर त्यांनी सोडलाही असता. पण मी नजर सिलिंडरच्या हाराकडं वळवली.

साहेबांनी बूट काढून बाजूला ठेवले. सिलिंडरजवळ उकिडवे बसले.

"मावशी, मी बी रोज हेच मागतो देवाला... आज कुठं बंब घेऊन जायची पाळी येऊ नये. पण म्हणून गाडीची चावी देवघरात नेऊन ठेवत न्हाई. ती गाडीलाच असती."

सुमनबाईंनी पिठाचे हात पदराला पुसले. मग खाली बसून गाठ सोडायला लागल्या. गाठ पक्की होती, नखांनी सुटेना... कोणी मदतीला गेलं नाही, पण कोणी घाईही केली नाही. सुटलेला धागा त्यांनी कपाळाला लावला, भाजलेल्या हाताच्या मनगटाला गुंडाळला आणि हात माझ्यापुढं धरला. गाठ मी मारली.

मग साहेबांनी सगळं नीट दाखवलं... आधी गॅस बंद, मग पिन ओढायची आणि मूठ दाबायची. पेटलेल्या तेलावर पाणी कधीच टाकायचं नाही, हे बजावलं. गेल्या वर्षी घाबरून सुमनबाईंनी पाणीच टाकलं होतं... नंतर साहेबांनी त्यांच्याकडून मूठ न दाबता सगळं एकदा करून घेतलं, आणि मगच गॅस पेटवायला सांगितलं.

पहिला घाणा देवाला गेला. छबिना येईपर्यंत दुकानापुढं उभं राहायला जागा नव्हती.

इतकी वर्षं देवापुढं हात जोडले की मी एवढंच मागत आलो... काही वाईट होऊ देऊ नकोस. परवापासून त्यापुढं आणखी एक मागतो... झालंच, तर हात चालू दे.