द्वारकाकाकूचा बांध

माझी चुलती द्वारकाबाई लई हट्टी. करमाडच्या शिवारात तिचं एक एकर, माझी दोन, अन् मधी सामाईक बांध. त्यावर बोरी, तरवड, हिवर, तित्तरं, मुंगसं, असा नुसता पसारा. काका गेल्यावर पंचवीस वर्षं तिनं एकटीनं शेत केलं, पण बांधाला कुऱ्हाड लागू दिली नाय.

गायरानावर कारखाने आले अन् तिथली बाभूळ न् बाभूळ गेली. जमिनीला भाव आला तसे सगळ्यांनी बांध कोरले. मीही दिवाळीनंतर जेसीबी आणला. काकू भाकरीचं फडकं घेऊन बोरीखाली जाऊन बसली.

"बद्री, आधी मला उचल, मग बोर," म्हणाली.

ड्रायव्हर हसला, मी चिडलो. पण चुलतीला हात कोण लावणार? निम्मा बांध साफ केला, निम्मा तिच्यापायी सोडला. म्हातारीचं डोकं फिरलंय, असं मी गावभर सांगत सुटलो.

त्या साली कांद्याचे डोंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, धरले होते, बियासाठी. आमचं लाल कांद्याचं वाण आजीच्या हातचं. कांद्याचं बी वर्षाच्या वर टिकत नाय, म्हणून दरसाल धरावंच लागतं. एकदा हुकलं की वाण संपलं. फुलं पांढरीशुभ्र आली. चैत्रात बोंड चोळून बघतो तर सगळा भुसा. फक्त काकूच्या बोरीजवळच्या दोन सऱ्यांत काळंभोर बी भरलं होतं.

"बोरीत मोहळं हायेत," काकू म्हणाली. "आधी माश्या गायरानातून यायच्या. आता हितं तेवढ्या उरल्यात. तू त्यांचं घरच मोडलंस, मग तुझ्या फुलावर कोण येणार?"

मला लई लाज वाटली. मूठभर बी फडक्यात बांधलं अन् मान खाली घालून विचारलं, "काकू, औंदा डोंगळे तुझ्या बोरीकडनं लावू का?"

"लाव की. बांध काय माझ्या एकटीचा हाय?"

मोडलेल्या बांधावर तरवड आपोआप फुटला, मी हात लावला नाय. माघात डोंगळे फुलले. बघायला आत शिरलो अन् माशीनं कानाच्या पाळीलाच डंख मारला. काकूनं डंखावर चुना लावला. कान तीन दिवस ठणकला, अन् मी तीन दिवस खुशीत गावभर तो सुजलेला कान दाखवत हिंडलो.